छापील तारखेवर किती विसंबावे?

कपाटाच्या मागच्या बाजूस गेल्या महिन्यात मुदत संपलेले बिस्किटांचे पाकीट सापडले, की घरात दोन मते उभी राहतात. आजीसाहेब म्हणतात, "फोडून पाहा. वास बदलला नसेल, चव बदलली नसेल, तर अन्न टाकून पाप कशाला घ्यायचे?" सूनबाई म्हणतात, "तारीख गेली ना, मग विषय संपला." तिसरे मत घराबाहेर, दुकानाच्या गल्ल्यावर ऐकू येते: "कंपन्या खप वाढावा म्हणून तारखा छापतात. चार दिवसांनी मालाचे काय बिघडते?" या तिन्ही मतांत थोडे तथ्य आहे. परंतु कोणतेही एक मत पूर्ण मानून चालल्यास घराचेही नुकसान होते आणि व्यापाराचेही. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे किराणा, फरसाण, सुकामेवा आणि वेष्टनाच्या व्यवसायात आहेत. त्यामुळे ही तारीख आपण ग्राहक म्हणून वाचतो, व्यापारी म्हणून सांभाळतो आणि श्रावक म्हणून तिच्याविषयी उत्तरदायीही असतो. म्हणून तिचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

तारीख ठरवतो कोण?

वेष्टनावरील तारीख सरकार ठरवून देते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. तारीख छापण्याची सक्ती कायद्याची आहे; परंतु बहुतांश पदार्थांची मुदत किती असावी, हे उत्पादकच स्वतःच्या जबाबदारीवर ठरवतो.

ही मुदत कशी निघते, हे समजण्यास अंबरनाथ एमआयडीसीचे उदाहरण सोयीचे आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि त्याच्या आरंभीच्या वसाहतींत अंबरनाथची गणना होते. मोरिवली, आनंदनगर या भागांत रसायने, औषधे आणि अभियांत्रिकी मालाचे कारखाने आहेत. औषधनिर्मितीत मुदत ठरविण्यासाठी 'स्थिरता चाचणी' करतात. तयार औषधाची पाकिटे विशिष्ट तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या बंद कक्षात ठेवून ठरावीक महिन्यांनी तपासली जातात. उष्ण व दमट प्रदेशासाठी ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. निष्कर्ष लवकर हवा असेल, तर ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने माल ठेवतात. औषधाच्या बाबतीत हे पुरावे नियंत्रकांपुढे मांडावे लागतात.

खाद्यपदार्थांची मुदतही तत्त्वतः याच मार्गाने निघते. तेलकट पदार्थ किती दिवसांनी खवट होतो, पिठात ओल किती शिरते, दुग्धजन्य पदार्थात जीवाणू किती वाढतात, हे पाहून उत्पादक दिवस मोजतो आणि सुरक्षिततेसाठी त्यांत काही कपात करतो. मोठ्या कंपनीजवळ त्यासाठी स्वतःची प्रयोगशाळा असते. लहान कारखानदार कित्येकदा बाजारातील तशाच मालावरील मुदत पाहून आपली मुदत ठरवतो. म्हणजे दोन पाकिटांवर 'सहा महिने' हे सारखेच शब्द असले, तरी त्यांमागील पुरावा सारखा असेलच असे नाही. या दृष्टीने पाहता, तारीख हे उत्पादकाने दिलेले वचन आहे. वचनाचे मोल देणाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून असते, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगावयास नको.

दोन शब्द, दोन अर्थ

आपल्या देशात अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. लेबलाविषयीचे सुधारित नियम २०२० साली आले. या नियमांत दोन संज्ञा वेगवेगळ्या आहेत. 'बेस्ट बिफोर' म्हणजे सांगितलेल्या पद्धतीने ठेवल्यास पदार्थाचा दर्जा ज्या दिवसापर्यंत पुरेपूर टिकतो तो दिवस. त्यानंतर कुरकुरीतपणा, सुगंध, रंग कमी होईल. परंतु पदार्थ त्या रात्रीच अपायकारक होतो, असा त्याचा अर्थ नाही. 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' म्हणजे ज्या दिवसानंतर दर्जा व सुरक्षितता यांची अपेक्षा ठेवता येत नाही आणि जो दिवस उलटल्यावर माल विकता येत नाही, तो दिवस. पूर्वी उत्पादक या दोहोंपैकी एक संज्ञा वापरू शकत असे. २०२० च्या नियमांनी 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' अनिवार्य केले आणि 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक ठेवले.

या बदलाने विक्रेत्याचे काम सोपे झाले. परंतु एक सूक्ष्म भेद पुसट झाला. कोरड्या पापडाच्या पाकिटावर आणि ताज्या पनीरच्या पाकिटावर आता एकच शब्द दिसतो. पापडाची तारीख मुख्यत्वे दर्जाविषयी बोलते. पनीरची तारीख प्रकृतीविषयी बोलते. शब्द सारखा असला, तरी पदार्थाचा स्वभाव सारखा नाही. पदार्थात जीवाणूंना उपलब्ध असणारे पाणी किती, यावर हा स्वभाव ठरतो. अगदी कोरड्या पदार्थात जीवाणू आणि बुरशी वाढू शकत नाहीत. ओलसर, कमी आंबट आणि प्रथिनयुक्त पदार्थात ते झपाट्याने वाढतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अन्न-संहितेत साधी साखर, व्हिनेगर, आयोडीनविरहित मीठ अशा काही वस्तूंना तारखेच्या अटीतून सूट दिलेली आहे.

इंग्लंडमधील मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानसाखळीने १९७० च्या दशकात मालावर ग्राहकाला वाचता येतील अशा तारखा छापण्यास आरंभ केला. त्याच साखळीने जुलै २०२२ मध्ये तीनशेहून अधिक प्रकारच्या फळांवरील व भाज्यांवरील 'बेस्ट बिफोर' काढून टाकले. कारण चांगली फळे केवळ तारखेपायी कचऱ्यात जात होती. नासाडीचा हा प्रश्न लहान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घरांतून गेले. भारतातील घरगुती नासाडी त्या अहवालात दरडोई वर्षाला ५५ किलो अशी अंदाजलेली आहे. तेव्हा आजीसाहेबांचा आग्रह अडाणीपणाचा नाही. फक्त तो पापडाला लावावा. पनीरला लावू नये.

पत्र्याच्या छताखाली

तारखेच्या शेजारी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते: 'थंड व कोरड्या जागी ठेवावे', किंवा '४ अंशांखाली ठेवावे'. वाचकांपैकी किती जण ती वाचतात? वस्तुतः ती ओळ हीच तारखेची अट आहे. अट मोडली, की वचनही उरत नाही.

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर हा पट्टा समुद्रापासून आत आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर वारा असतो तेव्हा इकडे मार्च-एप्रिलमध्ये पारा ४० अंशांच्या आसपास जातो. बंद शेडच्या पत्र्याखाली दुपारी तापमान बाहेरच्याहून अधिक चढते. तापमान १० अंशांनी वाढले, की पदार्थ बिघडविणाऱ्या रासायनिक क्रियांचा वेग साधारणतः दुप्पट होतो, असे ढोबळ गणित आहे. म्हणजे ३० अंशांत सहा महिने टिकणारी शेव ४० अंशांच्या गोदामात पडून राहिली, तर तिचे आयुष्य निम्म्यावर येऊ शकते. पाकिटावरील तारीख मात्र तीच राहते. दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या पाण्याच्या बाटल्या, पहाटे उतरवून उशिरापर्यंत पायरीवर राहिलेले दुधाचे क्रेट, वीज गेल्यावर तासन्‌तास झाकण उघडझाप होत राहिलेला फ्रीजर, या सर्वांवरील तारखा खऱ्या असतात. परंतु तारखेला आधार देणारी अट तेथे मोडलेली असते.

पावसाळ्यात याचे दुसरे रूप दिसते. २६ जुलै २००५ चा पूर या परिसराला विसरता येणार नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा पुराचे पाणी तळमजल्यावरील दुकानांत आणि गोदामांत शिरते. पाणी ओसरल्यावर बाहेरचे खोके वाळवता येते, पाकीट पुसता येते, तारीख स्पष्ट वाचता येते. परंतु सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात बुडालेल्या पाकिटाच्या शिवणीतून, टोपणाच्या आट्यातून काय आत गेले, हे तारीख सांगू शकत नाही. असा माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, आणि आपल्याच गोदामातील असला तरी विकू नये.

कायद्यानेही ही गोष्ट ओळखली आहे. २००६ च्या कायद्याचे २७ वे कलम व्यापाऱ्यांनी एकदा सावकाश वाचावे. मुदत संपल्यावर पुरवलेल्या मालाबद्दल घाऊक व्यापारी व वितरक जबाबदार आहेतच. परंतु उत्पादकाच्या सूचनांविरुद्ध साठवलेल्या किंवा पुरवलेल्या मालाबद्दलही ते जबाबदार आहेत. किरकोळ विक्रेता मुदत संपलेला माल विकल्याबद्दल आणि अस्वच्छ स्थितीत ठेवल्याबद्दल जबाबदार आहे. तारीख उत्पादकाने लिहिली. पण ती खरी ठरविण्याचे काम साखळीतील प्रत्येकाचे आहे, हा त्या कलमाचा आशय आहे.

नव्या प्रकारच्या व्यापारालाही तो लागू आहे. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतील एका जलद घरपोच सेवेच्या गोदामाचा परवाना निलंबित केला. तपासणीत काही पदार्थांवर बुरशी, शीतगृहात अपुरे तापमान आणि मुदत संपलेला माल वेगळा न ठेवता इतर मालातच ठेवलेला आढळला होता. त्याआधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाईन विक्रेत्यांना सूचित केले होते, की माल ग्राहकाच्या हाती पडताना त्याच्या मुदतीतील किमान ३० टक्के काळ अथवा ४५ दिवस शिल्लक असावेत. दहा मिनिटांत दारी आलेली वस्तू ताजीच असणार, हा भ्रम आहे. वेग वाटेचा असतो. गोदामातील दिवस तर आधीच सरलेले असतात.

आपल्या परंपरेतील कालमर्यादा

आता आपल्या घराकडे वळू. छपाईची यंत्रे येण्याच्या कितीतरी आधीपासून जैन स्वयंपाकघरात पदार्थाची मुदत मोजली जात आहे. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस सांगितली जाते. श्वेतांबर परंपरेत मिठाई इत्यादींचा काळ हिवाळ्यात ३०, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात १५ दिवस मानतात. उकळलेल्या पाण्याचा काळ उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ४ आणि पावसाळ्यात ३ प्रहर असतो. पाण्याचा अंश असलेले अन्न रात्र उलटली की वासी ठरते. ज्या पदार्थाचा वर्ण, गंध, रस, स्पर्श पालटला, तो 'चलित रस' म्हणून अभक्ष्य, मग त्याचा काळ शिल्लक असला तरीही.

या मर्यादांचा हेतू जीवोत्पत्ती टाळण्याचा, अहिंसेचा आहे. प्रयोगशाळेच्या मोजमापाशी त्यांची ओढूनताणून बरोबरी करण्याचे कारण नाही. संप्रदायपरत्वे त्यांत भेदही आहेत आणि आपापल्या गुरुभगवंतांचे मार्गदर्शन हेच तेथे प्रमाण. परंतु त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. ही गणना तीन गोष्टींवर उभी आहे: ऋतू कोणता, पदार्थात पाणी किती, आणि तो तयार केव्हा झाला. शिवाय या सर्व कोष्टकांत सर्वांत कमी मुदत दमट पावसाळ्याला दिलेली आहे. छापील तारीख यांतील ऋतू मोजत नाही. डिसेंबरात निघालेले पाकीट आणि जुलैत निघालेले पाकीट यांना ती सारखेच दिवस देते, आणि उरलेले 'थंड व कोरड्या जागी' या चार शब्दांवर सोपवते. पाकीट फोडल्यानंतर तर ती मुकीच होते. फोडलेल्या मलईच्या डब्यावर पुढच्या महिन्याची तारीख असली, तरी ती बंद डब्याची तारीख आहे. मर्यादेची सवय असलेले घर हे चटकन ओळखते. कारण तेथे प्रश्न असतो, 'केव्हा केले, कशात ठेवले आणि सध्या ऋतू कोणता?'

येथे मर्यादा पाळणाऱ्या कुटुंबांसाठी एक व्यावहारिक सूचना. आपला काळ पदार्थ तयार झाल्या दिवसापासून मोजला जातो. त्यामुळे 'केव्हापर्यंत' यापेक्षा 'केव्हा केले' ही तारीख आपल्याला अधिक उपयोगी. परंतु नियमानुसार लेबलावर उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख चालते. दळण एका दिवशी झाले आणि पाकीट दहा दिवसांनी भरले, तर पॅकिंगची तारीख पाहून पिठाचा काळ मोजणे चुकीचे ठरेल. सुट्या मिठाईच्या बाबतीत १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानदाराने 'बेस्ट बिफोर' दर्शविणे बंधनकारक झाले. तयार केल्याची तारीख लिहिणे मात्र त्याच्या इच्छेवर राहिले. म्हणून पर्युषणात किंवा दिवाळीत मिठाई घेताना "केव्हा केली?" हा प्रश्न तोंडाने विचारावाच लागतो. आपल्यातील जे मिठाई-फरसाणाच्या व्यवसायात आहेत, त्यांनी ती तारीख स्वेच्छेने लिहावी. ती वाचून ग्राहकाच्या मनात जो विश्वास बसेल, तो जाहिरातीने मिळणार नाही.

नाक आणि जीभ यांचे सामर्थ्य किती?

'वास घेऊन पाहावा' हा जुना उपाय निरर्थक नाही. खवट तेल, आंबलेले दूध, किडलेले धान्य इंद्रियांना कळते. तारीख शिल्लक असूनही माल बिघडलेला असेल, तर इंद्रियांचाच निर्णय अंतिम मानावा. फुगलेले पाकीट, फुगलेला डबा, निसटलेली शिवण हे नाकारण्यास पुरेसे कारण आहे.

परंतु उलट बाजूने इंद्रिये अपुरी पडतात. प्रकृतीला अपाय करणारे काही जीवाणू पदार्थाचा वास अथवा चव न बदलता वाढतात. लिस्टेरिया नावाचा जीवाणू तर फ्रीजच्या थंडाव्यातही वाढू शकतो. गर्भवती स्त्रिया, अर्भके आणि वृद्ध यांना त्यापासून विशेष धोका. शेंगदाणे, मका, मिरची यांवरील विशिष्ट बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करते. ते यकृताला घातक असून भाजल्याने वा शिजविल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. पावाच्या एका कोपऱ्यावर हिरवी बुरशी दिसली, की तेवढा भाग काढून उरलेला खाण्याची पद्धत आहे. पण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. आणि बुरशी हीदेखील जीवराशीच आहे, याचे स्मरण आपल्या वाचकांना वेगळे द्यावयास नको.

म्हणून निर्णय तीन पायऱ्यांनी व्हावा. तारीख शिल्लक आहे काय? सांगितल्याप्रमाणे ठेवले होते काय? वर्ण, गंध, रस, स्पर्श जसेच्या तसे आहेत काय? दूध, पनीर, खवा, मलई, बालआहार यांच्या बाबतीत तिन्ही उत्तरे 'होय' असली पाहिजेत. एक 'नाही' आले तरी पदार्थ बाजूला ठेवावा. कोरड्या, टिकाऊ पदार्थांच्या बाबतीत 'बेस्ट बिफोर' उलटून थोडे दिवस झाले असतील आणि उरलेली दोन उत्तरे ठाम असतील, तर घरापुरता विवेक वापरण्यास वाव आहे. हा वाव घराला आहे, दुकानाला नाही. आपल्या ताटातील धोका आपण पत्करू शकतो. दुसऱ्याच्या ताटातील धोका त्याला न सांगता आपण पत्करू शकत नाही.

गल्ल्यावरील कसोटी

येथे व्यापारी वाचकांची अडचण मान्य केली पाहिजे. महिनाअखेरीस सेल्समन स्कीम घेऊन येतो: दहा पेट्यांवर एक मोफत. माल उतरल्यावर ध्यानात येते, की मुदतीचे दोनच महिने उरले आहेत. एक्सपायरीचा माल परत घेण्याबद्दल वितरक टाळाटाळ करतो. भांडवल अडकते. अशा वेळी कुणीतरी सुचवते, की तारीख पुसता येते, वर नवे स्टिकर लावता येते, खोके बदलता येते. शाई पुसण्याचे द्रव्य आणि छपाईचे यंत्र औद्योगिक वसाहतीत मिळणे अवघड नसते.

कायद्याच्या दृष्टीने असा माल 'मिसब्रँडेड' ठरतो. त्यास ५२ व्या कलमान्वये ३ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. अन्न असुरक्षित ठरल्यास ५९ व्या कलमान्वये कारावासही. डिसेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने उत्पादक व आयातदारांना मुदत संपलेल्या आणि नाकारलेल्या मालाचा तपशील, त्याची विल्हेवाट कशी लावली यासह, दर तीन महिन्यांनी नोंदविण्यास सांगितले. असा माल नव्या वेष्टनात पुन्हा बाजारात येऊ नये, हाच त्यामागील हेतू.

परंतु श्रावकासाठी दंडाच्या आधी व्रत येते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत चोरीस साहाय्य, चोरीचा माल घेणे आणि खोटे मापवजन यांच्याच ओळीत 'विरुद्धराज्यातिक्रम' आणि 'प्रतिरूपक व्यवहार' येतात. पहिल्याचा अर्थ राज्याचे नियम ओलांडणे असा केला जातो, दुसऱ्याचा अर्थ एका वस्तूच्या जागी तिच्यासारखी दिसणारी दुसरी वस्तू खपवणे. जुन्या मालावर नवी तारीख लावणे हा प्रतिरूपक व्यवहाराचा आजचा अवतार आहे. त्यात वस्तू तीच राहते, पण ग्राहकाचे दिवस चोरले जातात.

उपाय साधे आहेत. मागणी नोंदविताना 'किमान इतकी मुदत शिल्लक असलेलाच माल घेऊ' ही अट लेखी घालावी. एक्सपायरी परतीची बोली आधी ठरवावी. आधी आलेला माल आधी विकावा, असे म्हणतात. त्याहून नेमके म्हणजे ज्याची मुदत आधी संपणार तो आधी विकावा, कारण उशिरा आलेल्या पेटीची मुदत कधी कधी आधी संपते. दर आठवड्याला एकाने फडताळ पाहावे आणि मुदत संपत आलेला माल वेगळा काढून, तसे स्पष्ट सांगून, कमी किमतीत विकावा. मुदत संपलेला माल 'विक्रीसाठी नाही' अशी पाटी लावून स्वतंत्र ठेवावा. गोदामात एक तापमापक टांगावा; त्याची किंमत एका पेटीच्या नुकसानीहून कमी असते.

दान कोणाचे करावे?

शेवटी एक नाजूक विषय. मुदत संपलेला माल फेकवत नाही, म्हणून तो कामगारांना, वस्तीतील मुलांना किंवा पांजरापोळात देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. हेतू दयेचा असतो. परंतु जे आपण आपल्या मुलाच्या डब्यात घालणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाच्या हाती ठेवणे याला दान म्हणता येईल काय? एमआयडीसीत बारा तासांची पाळी करणाऱ्या कामगाराला आजारपणाचा एक दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी.

उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ साली स्वतंत्र नियमावली झाली आहे. सुरक्षित अन्न मुदतीच्या आत गरजूंपर्यंत पोहोचावे, हा तिचा आशय. म्हणजे दानाची वेळ मुदत संपण्यापूर्वीची आहे. ज्या मालाचे तीन आठवडे उरले आहेत आणि तो खपणार नाही असे दिसते, तो आजच द्यावा. तेव्हा तो अन्न असतो.

गोमातेच्या बाबतीतही हाच विवेक हवा. बुरशी लागलेला पाव किंवा पेंड जनावराला घातली, तर त्यातील अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधात उतरतो, आणि तेच दूध पुन्हा आपल्या घरी येते. पाव-बिस्किटांचा पिष्टमय ढीग एकदम खाल्ल्यास गाई-म्हशींच्या पोटात आम्ल वाढून त्या दगावूही शकतात. जीवदयेच्या नावाने जीवहिंसा घडू नये. जो माल कोणाच्याच उपयोगाचा उरला नाही, त्याची पाकिटे फोडून, आतील पदार्थ वेगळा करून आणि वहीत नोंद करून विल्हेवाट लावावी. न फोडता टाकलेले पाकीट कचऱ्यातून पुन्हा कुणाच्या दुकानात पोहोचेल, हे सांगता येत नाही.

मग छापील तारखेवर विसंबावे की नाही? विसंबावे, पण ती जेवढे सांगते तेवढ्यापुरतेच. 'मी सांगितल्याप्रमाणे सांभाळले आणि उघडले नाही, तर एवढे दिवस' एवढेच तिचे म्हणणे आहे. सांभाळण्याचे काम गोदामातील, दुकानातील आणि स्वयंपाकघरातील माणसांचे आहे, आणि आपल्यापैकी बहुतेक जण या तिन्ही ठिकाणी उभे असतात. चातुर्मास सुरू होण्यापूर्वी प्रत्येक घराने आपले कपाट आणि प्रत्येक पेढीने आपले गोदाम एकदा रिकामे करून पाहावे. अन्न वाया जाऊ नये म्हणून मोजके घ्यावे. प्रकृती बिघडू नये म्हणून वेळेत वापरावे. आणि आपल्या पेढीचे नाव ज्या पाकिटाबरोबर ग्राहकाच्या घरी जाते, त्या पाकिटावरील तारीख खरी ठेवावी.